आधुनिक पेगन पंथांतील मृत्यू व परलोकविषयक धारणा

आधुनिक पेगन पंथांना एकच धर्मग्रंथ नाही आणि सर्वमान्य धर्मपीठही नाही. त्यामुळे मृत्यूनंतर काय, या प्रश्नाचे त्यांच्यात एकच उत्तर आढळत नाही. या मतभिन्नतेमागे प्रत्येक पंथाने प्रमाण मानलेली ऐतिहासिक साधने आहेत.

ब्रिटनमधील १७३५ चा जादूटोणाविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचा ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातून लोकांपुढे आलेल्या विका पंथात पुनर्जन्माची कल्पना रूढ आहे. दोन जन्मांमधील विश्रांतिस्थळास अनेक अनुयायी ‘समरलँड’ म्हणतात. ही संज्ञा एकोणिसाव्या शतकातील प्रेतात्मवाद्यांकडून आली. पश्चिमेत पुनर्जन्मविचाराचा प्रसार करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होते, हेही लक्षणीय आहे. तथापि विकामध्ये पुनर्जन्म हे सुटका करून घ्यावयाचे बंधन नसून आप्तजनांत पुन्हा परतण्याची आशा होय.

नॉर्स परंपरेचे अनुयायी मुख्यतः आइसलँडच्या मध्ययुगीन वाङ्मयाकडे वळतात. स्नोरी स्टुर्लुसन याच्या ‘एडा’त रणांगणी पडलेल्यांना वल्हाला, तर व्याधीने वा वार्धक्याने मेलेल्यांना हेल असे विभाजन आहे. परंतु स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर सुमारे दोन शतकांनी त्याने लेखन केले. अनेक आधुनिक अनुयायी म्हणूनच पूर्वजांच्या सहवासावर वा मागे उरणाऱ्या कीर्तीवर अधिक भर देतात. ड्रुइडांचा आत्म्याच्या देहांतरावरील विश्वास सीझरने नोंदविला आहे. तोही परक्या विजेत्याचा शब्द होय.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारले गेलेले अमेरिकी सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट विकाचे अनुयायी होते. त्यांच्या स्मृतिफलकावर पंचकोनी तारा कोरण्यास संघराज्य शासनाची अनुमती मिळेना. त्यांच्या पत्नीसह इतरांनी न्यायालयात दाद मागितल्यावर २००७ मध्ये तडजोड होऊन त्या चिन्हास मान्यता मिळाली. मृत्यूनंतर आत्मा कोठे जातो, याविषयी एकमत सिद्ध करण्याची गरज तेथे पडली नाही. मृताला त्याच्या स्वतःच्या चिन्हाखाली स्मरावे, एवढीच मागणी होती.

सारांश, या पंथांचे ऐक्य परलोकाच्या सिद्धांतात शोधणे व्यर्थ आहे. ते असलेच, तर मृतांचे स्मरण करण्याच्या आचारात आहे.