दात दुरुस्त झाले तर मनाची उदासी कमी होते का?

तोंडाचं बोळकं झालं की माणूस आधी हसणं कमी करतो. मग पंगतीला बसायचं टाळतो, बोलताना तोंडावर हात नाहीतर पदर धरतो. घरातले म्हणतात, वय झालं. पण अशा वागण्यामागे तोंडाचं दुखणं आणि नैराश्य दोन्ही असू शकतात, आणि एक दुसऱ्याला वाढवतं.

संबंध कसा आहे?

दाढ ठणकली की रात्रीची झोप जाते. भाकरी, शेंगदाणे, काकडी चावत नाही, मग चहा-बिस्किटावर भागवलं जातं आणि अंगात त्राण राहत नाही. पुढचे दात पडले किंवा तोंडाला वास येत असला की माणसांत जायची लाज वाटते. झोप, जेवण आणि चार माणसं, तिन्ही तुटली की मन खचतं.

उलटंही घडतं. नैराश्यात दात घासायचीही उमेद राहत नाही. तंबाखू, मिश्री वाढते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ दातांची राखण करते, ती कमी झाली की कीड लवकर लागते.

उपचाराने काय फरक पडतो?

किडलेल्या दाताची दुखण थांबली की झोप परत येते. कवळी नीट बसली की चावता येतं, शब्द स्पष्ट येतात, माणूस पुन्हा लोकांत मिसळतो. ज्याची उदासी मुख्यतः या त्रासातून आली आहे, त्याला यातून चांगला आराम पडू शकतो.

पण कवळी हे नैराश्यावरचं औषध नाही. दात कमी असलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. मात्र गरिबी, तंबाखू, मधुमेह ही कारणं दोन्हींच्या मुळाशी असू शकतात. म्हणून दातांचा आणि मनाचा उपचार सोबत चालू ठेवावा.

हे लक्षात ठेवा

- नवी कवळी सुरुवातीला टोचते. घरी कानशीने घासू नका आणि पेटीत ठेवूनही देऊ नका. डॉक्टरांकडून बसवून घ्या, दोन-तीन फेऱ्या लागतातच.
- रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा.
- गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, घोट-घोट पाणी प्या, गोड गोळ्या चघळू नका.
- तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड कमी उघडू लागलं, तर कॅन्सरची तपासणी करून घ्या.
- मिश्रीने दात मजबूत होत नाहीत. ती तंबाखूच आहे.

मनाचा डॉक्टर कधी गाठावा?

दोन आठवडे रोज उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप आणि भूक बिघडणं ही नैराश्याची लक्षणं आहेत. "आता जगून काय करायचं" असं कोणी बोललं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

कुठे जायचं?

आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून दंत विभागाची चौकशी करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा.

घरातलं म्हातारं माणूस ताट बाजूला सारत असेल तर "खात का नाही" म्हणून रागावण्याआधी त्याचं तोंड एकदा उघडून बघा. आणि मन कसं आहे, तेही विचारा.