पेटीच्या खुंट्या

ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या नाट्यगृहांत वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असतांना विजेच्या गिटारवाल्याकडे पाहिलें, तर त्याच्या हातांपेक्षां पायांकडेच लक्ष अधिक जातें. त्याच्या पुढ्यांत एक लांबट फळी मांडलेली असते. तिच्यावर लहान लहान रंगीत डब्या बसविलेल्या असतात. आणि एक सूर संपून दुसरा लागावयाच्या आंत तो बुटाच्या टोकानें त्यांतली एखादी डबी दाबतो. एकीनें आवाज कांपूं लागतो, दुसरीनें तो फाटून कर्कश होतो, तिसरीनें मूळ स्वराच्या जोडीला खालच्या सप्तकांतला स्वर उमटतो. अशा डब्या किती असाव्यात यावर या वादकमंडळींत मोठे मतभेद आहेत. कांहींच्या मतें दोन पुरेत. कांहींच्या फळीवर दहाबारांची दाटी असते, आणि ती फळी लोकलच्या डब्यांत चढवावयाची म्हणजे दुसरा माणूस मदतीस लागतो.

हा वाद गिटारबरोबर येथें आला असें मात्र नाहीं. गिटारचा आवाज कांपविणारें पहिलें स्वतंत्र यंत्र अमेरिकेंत १९४१ सालीं निघालें, आणि आवाज फाडणारी डबी बाजारांत आली ती १९६२ सालीं. पण कंप, दुहेरी सप्तक आणि आवाजाची चढउतार हीं तिन्ही साधनें त्याच्या कितीतरी आधींपासून ऑर्गनमध्यें होतीं. आणि तो ऑर्गन मराठी नाटकाच्या रंगमंचासमोर बसून दोन पिढ्या पायानेंच वाजविला जात होता. साधें वाद्य बरें कीं अनेक खुंट्यांचें, हा प्रश्न महाराष्ट्रांत प्रथम पेटीनें घातला, आणि त्याचें एक उत्तर अलीकडे ठाण्यांत तयार झालें.

अलेक्झांद्र देबें या पॅरिसच्या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचा परवाना घेतला. धातूची पातळ जीभ वाऱ्यानें थरथरते आणि स्वर निघतो, एवढेंच तिचें तत्त्व. चीनमध्यें तें शतकानुशतकें ठाऊक होतें. आपल्याकडचे कारागीर या जिभेलाच 'सूर' म्हणतात. पाळीपाळीनें दाबावयाच्या दोन पायपट्ट्यांनीं भाता चालावयाचा आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे राहावयाचे, अशी ही पायपेटी प्रार्थनामंदिरांसाठीं युरोप-अमेरिकेंतून या देशांत आली. मराठी संगीत नाटकाचा आरंभ सामान्यतः १८८० सालच्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून धरतात. त्या वेळीं साथ होती ती सारंगीतबल्याची. पुढें नाटकगृहें मोठीं झालीं, प्रेक्षक वाढले, आणि ध्वनिक्षेपक तर अद्याप जन्मासही आला नव्हता. शेवटच्या बाकावर बसलेल्याला नटाचा षड्ज ऐकूं गेला पाहिजे, आणि मध्यरात्र उलटल्यावर दमलेल्या नटाला त्या षड्जाचा आधारही मिळाला पाहिजे. ऑर्गन नाटकांत शिरला तो या गरजेपोटीं.

त्याच्या खुंट्यांची कामें ऐकण्यासारखीं आहेत. एक खुंटी ओढली कीं एक पट्टी दाबतांच तिच्या सप्तकाची पट्टीही आपोआप दबते. यालाच कपलर म्हणतात. दुसरी ओढली कीं सुरांच्या तोंडाशीं कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा एक पंखा गरगर फिरूं लागतो आणि स्वर हेलकावे खातो. तिचें विलायती नांव 'व्हॉक्स ह्युमाना', म्हणजे मानवी कंठ. गुडघ्यापाशीं एक दांडी असते. ती बाजूला रेटली कीं आंतल्या झडपा उघडून आवाज मोठा होतो. आजच्या गिटारवाल्याच्या फळीवरच्या निम्म्या डब्यांचे पूर्वज येथें एका लाकडी कपाटांत बसलेले आहेत.

यांतलें रागसंगीताच्या कामाचें किती? गुडघ्याची दांडी निश्चित उपयोगाची, कारण गाणारा आवाज लहान करतो तेव्हां साथीनेंही लहान व्हावें लागतें. कपलरही उपयोगाचा, पण तो भरलेल्या नाट्यगृहांत. मानवी कंठाचें नांव मिरविणारी खुंटी मात्र आपल्या कंठाशीं मुळींच जुळत नाहीं. पंखा एकाच गतीनें फिरतो. आंदोलन कोणत्या स्वरावर, किती आणि केव्हां, हें गायक ठरवितो. दरबारीच्या गांधाराचें हेलकावणें आणि पंख्याचें हेलकावणें यांत पाळण्याच्या झोक्याइतका आणि गिरणीच्या पट्ट्याइतका फरक आहे. ज्या साधनाची मात्रा वादकाच्या हातांत राहत नाहीं तें साधन आपल्या गाण्यांत टिकत नाहीं.

पायपेटी उचलून नेण्याजोगी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनीं तिचें लहान, मांडी घालून बसणाऱ्यासाठीं रूप सिद्ध केलें. पाय गेले, भाता पाठीमागें आला, आणि डावा हात त्यांत अडकला. दोन हातांनीं वाजविण्याचें विलायती तंत्र त्यामुळें निरुपयोगी झालें. पण एका हाताची एकेरी स्वरमालिका हेंच तर आपलें संगीत! ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आणि कल्याणास १८५४ सालीं आली होती. हातपेटी त्या गाडीनें सुखानें प्रवास करूं शकली. कीर्तन, गणपतीचे मेळे, वाड्यांतल्या बैठका, शाळेंतलें स्नेहसंमेलन, सगळीकडे ती पोंचली; आणि 'पेटी' या साध्या शब्दाचा अर्थ मराठींत वाद्य असा झाला.

लहान झालेल्या पेटीला पुन्हां खुंट्या फुटल्या. बेचाळीस पट्ट्यांच्या पेटींत सुरांची एक ओळ असेल तर बेचाळीस सूर. खर्ज आणि नर अशा दोन ओळी असतील तर चौऱ्यायशीं. तिसरी ओळ घातली कीं एकशें सव्वीस. हे सूर पूर्वीं पॅरिसहून आणि जर्मनीहून येत, पुढें सौराष्ट्रांतील पालिताण्याच्या सुरांचें नांव झालें. ओळ वाढली कीं आवाज भरदार होतो हें खरें, पण वारा अधिक लागतो, भाता लवकर रिता होतो, आणि कपलर लावला तर पट्टी बोटाखालीं जड होते. जड पट्टीवर द्रुत तान स्वच्छ निघत नाहीं. कपलर काढून वाजविलेली तान आणि तो लावून वाजविलेली तान डोळे मिटून ऐकली तरी निराळी कळते.

सर्वांत मोठा मोह स्केल-चेंजरचा. १९२६ सालीं स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थेच्या उत्सवांत एकामागून एक गायक बसतात. एकाची पट्टी काळी एक, दुसऱ्याची पांढरी दोन, गायिकेची काळी चार किंवा काळी पांच. साध्या पेटीवर बसणाऱ्याला प्रत्येक वेळीं नव्या पट्टीवरून तोच राग बोटांत आणावा लागतो. बारा ठिकाणांहून यमन वाजवितां आला पाहिजे, म्हणजे बारा निराळ्या वाटांनीं एकाच देवळांत जावयाचें. स्केल-चेंजरच्या पेटींत पट्ट्यांची संबंध चौकट सुरांवरून सरकते. बोटें जागच्या जागीं राहतात आणि षड्ज बदलतो. यानें वर्षांचा रियाज वांचतो असें सांगितलें जातें. वांचतो खरा, पण सरकती चौकट वजन वाढविते, सांध्यांतून वारा गळूं लागतो, आणि दुरुस्तीस कुशल कारागीर लागतो. खरी किंमत मात्र याहून वेगळ्या ठिकाणीं द्यावी लागते, आणि ती समजण्यासाठीं थोडा हिशेब केला पाहिजे.

षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० मानलीं, तर गायकाचा शुद्ध गांधार ३०० वर आणि पंचम ३६० वर येतो. बाजारांत मिळणाऱ्या पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. तिचा पंचम जवळजवळ बरोबर असतो, पण गांधार ३०२ च्या वर जातो आणि निषाद ४५० ऐवजीं ४५३ वर. गायक आणि पेटी दोघेही गांधारावर थांबले कीं सेकंदास दोनतीन हेलकावे ऐकूं येतात. तयार कानाला हे टोंचतात. बारा सारखे भाग पाडण्याचा एकच फायदा: कोणत्याही पट्टीचा षड्ज करा, चूक सर्वत्र सारखीच. स्केल-चेंजरला ही सारखी चूक आवश्यक असते.

याच दोषावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं उपाय शोधिला. देवलांचें बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० सालीं निघालें. त्या श्रुतींची पेटी विलायतेंत तयार करविण्यांत आली आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें आली. चर्चा पुष्कळ झाली, पण ती पेटी मैफलींत रूढ झाली नाहीं. सप्तकांत बाराऐवजीं बावीस जागा असल्या तर गायकाच्या मागोमाग धांवणाऱ्या बोटानें त्या शोधावयाच्या कशा? श्रुति बरोबर लागली आणि साथ मागें राहिली, तर त्या श्रुतीचा गायकाला उपयोग काय?

दोष न सुधारतां पेटीलाच घालवून देण्याचा मार्ग रेडिओनें पत्करला. लायोनेल फील्डन हे आकाशवाणीचे पहिले प्रमुख. त्यांच्या कारकीर्दींत दिल्लीस पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं पेटीविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता, आणि १९४० च्या मार्चपासून पेटी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. तिच्यावरचा आक्षेप स्वराच्या दृष्टीनें खोटा नव्हता; मींड तिला येत नाहीं हेंही खरें. पण भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीं हीच मींड नसलेली पेटी इतकी गाती करून दाखविली होती, कीं आक्षेप वाद्यावर घ्यावयाचा कीं वाजविणारावर, हा प्रश्न तेव्हांच विचारावयास हवा होता. चांगला साथीदार गांधारावर पट्टी दाबून बसत नाहीं. स्पर्श करून सोडतो, आणि दोन कंपनांची ती चूक कानाला सांपडण्यापूर्वीं पुढें गेलेला असतो. बंदीची शिक्षा मात्र त्यालाही झाली. एकतीस वर्षें, म्हणजे एका वादकाच्या सगळ्या उमेदीच्या काळांत, त्याला रेडिओच्या स्टुडिओंत स्थान नव्हतें. आणि त्याच वेळीं कल्याणच्या गायन समाजांत, ठाण्याच्या नाट्यगीतांच्या बैठकींत त्याच्यावांचून कोणाचें पान हालत नव्हतें. १९७१ सालीं कांहीं अटींवर साथीपुरती ही बंदी उठली.

दरम्यान कारागिरांनीं आपल्या परीनें तोड काढली होती. सुराच्या जिभेचें टोंक किंचित् खरवडलें कीं स्वर चढतो, बुडाशीं खरवडलें कीं उतरतो. अशा रीतीनें एकाच षड्जाला धरून सगळी पेटी शुद्ध स्वरांत मिळवावयाची. याला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. अशी पेटी आपल्या षड्जावर ऐकावी. तंबोऱ्यांत ती विरघळून जाते. पण गायकानें षड्ज ऋषभावर, म्हणजे दोन पट्ट्या वर, मागितला कीं तिचें सोंग उघडें पडतें. नवा षड्ज २७०. त्याचा पंचम ४०५ हवा, आणि पेटींत त्या जागीं आहे ४००! बारा ठिकाणीं थोडें खोटें, कीं एका ठिकाणीं पूर्ण खरें, एवढीच निवड उरते. स्केल-चेंजर आणि गांधार ट्यूनिंग एका पेटींत नांदूं शकत नाहींत, हें दुकानदार सहसा सांगत नाहींत.

ठाण्यांतल्या उत्तराकडे आतां वळावयास हरकत नाहीं. पंडित राम मराठे यांचें वास्तव्य ठाण्यांत होतें आणि त्यांच्या नांवाचा संगीत समारोह ठाणें महानगरपालिका भरविते. त्यांच्या पिढीच्या नाट्यसंगीताच्या साथींत गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) हें नांव सर्वांत पुढें. ऑर्गन आणि पेटी दोन्हीं त्यांना सारखींच वश. त्यांचे शिष्य, व्यवसायानें वैद्यकशास्त्रज्ञ असलेले ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी या शतकांत पुन्हां सिद्ध केली. देवलांच्या वेळच्या अडचणीला त्यांनीं दिलेलें उत्तर साधें आहे: पट्ट्या बाराच ठेवावयाच्या. षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांना दोन दोन श्रुति. म्हणजे वीस आणि दोन, बावीस. कोणती श्रुति हवी तें प्रत्येक स्वराच्या खुंटीनें आधीं ठरवावयाचें. राग सुरू होण्यापूर्वीं खुंट्या लागतात. नंतर हात नेहमींच्याच पट्ट्यांवरून फिरतो. वाद्य गुंतागुंतीचें आहे, वाजविणें गुंतागुंतीचें नाहीं.

एक मर्यादा मात्र या पेटीलाही सुटली नाहीं: तिचा षड्ज ठरलेला असतो. दुसऱ्या पट्टीचा गायक आला कीं दुसरी पेटी हवी. शुद्ध स्वराची ही जुनी किंमत आहे आणि ती कोणत्याही खुंटीनें चुकत नाहीं.

गिटारवाले अलीकडे आपल्या सगळ्या डब्यांची जुळणी गाण्यागणिक आधींच करून ठेवतात आणि रंगमंचावर एकच कळ दाबतात. ठाण्याच्या पेटीनें जें केलें त्याच दिशेनें तेही चालले आहेत. सकाळच्या कल्याण लोकलमधल्या भजनी मंडळाला मात्र यांतलें कांहींच लागत नाहीं. टाळ, डब्याच्या पत्र्यावर धरलेला ठेका, आणि दादरपर्यंत उभ्यानें लावलेला षड्ज. डोंबिवलीच्या एखाद्या शिकवणींत पेटी शिकावयास आलेल्या मुलाच्या पुढ्यांतही गुरुजी बहुधा दोन ओळींची, कपलर नसलेली पेटीच ठेवतात. खुंट्या कोणत्या हव्यात हें त्याच्या बोटांना कळूं लागेपर्यंत चारपांच वर्षें तरी जातात.