हलका दिवस (बलव्यायामातील)

हलका दिवस : वजने उचलण्याच्या दोन सत्रांमधला दिवस. या दिवशी रक्ताभिसरण वाढेल पण स्नायूंवर नवा भार पडणार नाही, एवढीच हालचाल करायची असते. मुंबईलगतच्या मीरा रोडच्या जिममध्ये याला ‘रेस्ट डे’ म्हणतात. बरेच जण तो अंथरुणात काढतात, तर काहींना चैन पडत नाही आणि ते पुन्हा वजनांकडे वळतात. दोन्हींमुळे पुढचे सत्र बिघडते.

कारणे : स्नायू लांबत असतानाच त्याला जोर लावावा लागला, की त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वजन घेऊन बैठकीत खाली जाताना किंवा डंबेल सावकाश खाली आणताना हेच घडते. मग अंग आंबते. हे दुखणे 12 ते 24 तासांनी जाणवू लागते आणि पहिल्या तीन दिवसांत केव्हातरी कळसाला पोहोचते. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचून राहते म्हणून ते दुखतात, हा समज अजून सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. पायांच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मीरा रोड स्थानकाचा पूल चढताना जमतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो, याचे कारणही वरच्या प्रक्रियेतच आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचे वजन पेलतो आणि आदल्या दिवशी त्याला याच कामाने दुखावलेले असते.

जड व्यायामानंतर स्नायूंत प्रथिने बांधण्याचा वेग 24 ते 48 तास वाढलेला राहतो. म्हणून एकाच स्नायूगटाच्या दोन सत्रांत सुमारे 48 तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांसाठी बलव्यायामाची अपेक्षा आठवड्यातून किमान 2 दिवसांची आहे, रोजची नाही.

परंपरा : तालमीत ही काळजी वस्ताद घेत असे. कोणाच्या जोर-बैठका आज कमी करायच्या, कोणाला लढतीला उतरवायचे नाही, हे तो पठ्ठ्याचे अंग पाहून ठरवी. मालिश हा तर तालमीच्या दिनक्रमाचाच भाग. मल्ल एकमेकांना तेल लावून अंग रगडून देतात. विश्रांतीच्या दुसऱ्या बाजूचा अभ्यास योगसंस्थांनी केला. मुंबईत 1918 साली श्री योगेंद्रांनी योग संस्था काढली, तर 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. मीरा रोड ज्यात मोडते ते मीरा-भाईंदर मात्र 1985 साली नगरपरिषद आणि 2002 साली महापालिका झालेले, बव्हंशी नव्या वस्तीचे शहर. इथल्या बहुतेक तरुणांचा वजनांशी परिचय जिममध्येच होतो, आणि थांबायचे कधी हे सांगणारा वस्ताद तिथे असेलच असे नाही. तो निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

प्रमाण : चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, धाप लागली तर ती हालचाल हलकी राहिली नाही. 20 ते 40 मिनिटे पुरतात. संपल्यावर अंग सुरुवातीपेक्षा मोकळे वाटले पाहिजे.

चालणे : सर्वांत भरवशाचा प्रकार. त्याला साधन लागत नाही, आणि त्याचा अतिरेकही सहसा होत नाही. मीरा रोडची जमीन मिठागरांच्या सपाटीची असल्याने दुखऱ्या पायांना चढउतार सोसावे लागत नाहीत. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही व शरीर तापते, त्यामुळे उन्हाळ्यात उजाडताच निघावे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असेल तेव्हा इमारतीच्या आवारात किंवा पार्किंगच्या छताखाली फेऱ्या घातल्या तरी काम भागते. लोकलने चर्चगेटपर्यंत तासाहून अधिक उभ्याने जाणाऱ्याने तो प्रवासही त्या दिवसाच्या हिशेबात धरावा. अशा माणसाला संध्याकाळी आणखी काही करायला लावणे अन्यायाचे आहे. जेवणानंतरची शतपावली आणि वेळेवर झोप त्याला अधिक लाभेल.

सायकल व पोहणे : दोन्हींत सांध्यांवर आघात होत नाही. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या किनाऱ्याकडे सकाळी सायकलने जाणे आनंदाचे असते, पण चौक गावाकडच्या टेकड्यांचे चढ पायांच्या सत्रानंतर टाळावेत. घोडबंदर रस्त्यावरची अवजड वाहतूक पाहता तिथे सायकल नेऊच नये. तलावात संथ पोहावे. हात-खांद्यांचा व्यायाम आदल्या दिवशी झाला असेल तर नुसते पाण्यात चालले तरी चालते.

योगासने : मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, मग शवासन, असा क्रम अर्ध्या तासात होतो. सूर्यनमस्काराबाबत सावध राहावे. सावकाश घातलेले चार-सहा नमस्कार अंग मोकळे करतात; 108 नमस्कारांचा संकल्प हा स्वतंत्र, दमवणारा व्यायाम आहे आणि खांदे-छाती आधीच आंबलेली असताना तो करू नये.

मालिश, ताण व बर्फ : दुखणे कमी करण्यात मालिशीचा उपयोग संशोधनात बऱ्यापैकी दिसला आहे, म्हणजे तालमीची रीत टिकून राहण्याजोगीच होती. ताणाचे व्यायाम हालचालीचा आवाका वाढवतात, मात्र दुखणे फारसे कमी करत नाहीत. दुखरा स्नायू हिसके देऊन ताणणे तर घातकच. बर्फाच्या पाण्यात बसण्याने तात्पुरते बरे वाटते, पण प्रत्येक सत्रानंतर तसे केल्यास स्नायूंची वाढ मंदावू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे.

धोक्याच्या खुणा : एकाच सांध्यात तीक्ष्ण कळ, सूज, किंवा आठवडाभर न ओसरणारे दुखणे म्हणजे साधे अंग आंबणे नव्हे. असह्य वेदना व सुजेसोबत लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण देत असण्याची शक्यता असते. दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी अतिव्यायाम करणाऱ्यांत, विशेषतः उकाड्यात पाणी कमी पडल्यास, हा धोका वाढतो. अशा वेळी घरी मालिश करत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.