पारध्याचे मरण आणि छारांचे नाटक

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत येते, तेव्हा परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. सोहळ्यात ज्याचा त्याचा मान ठरलेला असतो. याच मुलखात वावरणाऱ्या फासेपारध्यांच्या वाट्याला मात्र मानाऐवजी संशयच आला. १८७१ साली इंग्रजांनी केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी लागली, काहींभोवती वसाहतींचे कुंपण पडले. अशा काही वसाहतींचा कारभार साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेकडे होता, हेही आपण विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. संशय गेला नाही.

जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर कोठडीत मेला होता. पोलीस आत्महत्या म्हणत होते. शबरांनी त्याचे प्रेत गुपचूप झोपडीत पुरले आणि चितेवर पुतळा जाळला. पुरावा राखण्यासाठी गरिबांना अंत्यविधीचेच सोंग आणावे लागले! पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे चौकशी सोपवली आणि बुधनच्या विधवेला भरपाई देवविली.

हा सारा वृत्तांत अहमदाबादच्या छारानगरात पोहोचला तो महाश्वेतादेवी आणि आपल्या भोरचे गणेश देवी यांच्यामुळे. छारा म्हणजे आपल्याकडील कंजारभाटांचे भाऊबंद. त्यांच्या वाडवडिलांनीही कुंपणातले जिणे भोगलेले. तेथील तरुणांनी ३१ ऑगस्ट १९९८ रोजी ‘बुधन’ हे नाटक केले आणि त्यातून ‘बुधन थिएटर’ उभे राहिले. दक्षिण बजरंगे हे त्याचे दिग्दर्शक. बारामतीच्या काळेचे मरणही पुढे या मंडळींनी रंगमंचावर आणले.

बंगालचा शबर, बारामतीचा पारधी, नट गुजरातचे छारा: ना भाषा एक, ना जात. तरीही परक्याच्या मरणात त्यांना घरचे दुःख दिसले. आमच्या मते या प्रयोगांना नुसते प्रचारनाट्य म्हणणे उणे ठरेल. घरात कुजबुजत सांगायची गोष्ट येथे चारचौघांत, अंगाने आणि आवाजाने सांगितली जाते. राहून गेलेले सुतकच जणू वस्ती एकत्र पाळते. मात्र त्यामुळे न्यायालयाचे काम संपत नाही. नटही तसा दावा करीत नाहीत.

या नाटकात मार खाणारा छारा असतो, तसा काठी उगारणारा पोलीसही छाराच. ती भूमिका त्यांना कोणाला शिकवावी लागली नसणार.