आगरातले मीठ

उरण, पेण, भाईंदर, वसई या खाडीकाठच्या मुलखात ज्या जमिनीला पूर्वापार आगर म्हणत आले, आणि जिच्यावरून तिथे राबणाऱ्या समाजाला आगरी हे नाव पडले असे मानतात, तिथली मीठ पिकविण्याची रीत पाहताना मला नेहमी वाटते, की संपृक्त द्रावण हा शब्द शाळेच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी त्याचा अर्थ या लोकांच्या हातांना आणि जिभेला ठाऊक होता.

१०० ग्रॅम पाणी सुमारे ३६ ग्रॅम मीठ पोटात घेते आणि त्यापुढे एक कणही स्वीकारीत नाही. समुद्राच्या एका लिटरात मात्र सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे ते पाणी मूळच्या दशांशावर येईपर्यंत मिठाचा दाणा दिसावयाचा नाही. सोऱ्याची गोष्ट निराळी. तो उकळत्या पाण्यात भरमसाट विरघळतो आणि पाणी निवताच स्फटिकरूपाने वेगळा होतो. मीठ गार पाण्यात जेवढे विरघळते, जवळजवळ तेवढेच उकळत्या पाण्यात. तेव्हा ते परत हवे असेल तर पाणीच नाहीसे केले पाहिजे, आणि हे काम कोकणात हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत ऊन आणि वारा करतात.

उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून ते उथळ वाफ्यांच्या रांगेत क्रमाक्रमाने पुढे सारावयाचे, आणि पायांनी तुडवून घट्ट केलेल्या शेवटच्या वाफ्यात पीक घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. आणि त्यातली खरी विद्या पाणी पुढे सोडण्याच्या वेळेत आहे. वाटेत आधी चुनखडी बसते, पाणी चौथाई-पंचमांशावर येता येता चिरोडी बसू लागते, आणि त्यांना मागे टाकून आलेले खारवणीच शेवटच्या वाफ्यात शुद्ध दाणा देते. पुढेही लोभ धरून चालत नाही. मीठ बसल्यावर उरते ते मॅग्नेशियमच्या क्षारांचे कडू पाणी, आणि ते वेळेवर काढून टाकले नाही तर मिठाला कडवट चव येते व पावसाळ्यात घरच्या बरणीत त्याला पाणी सुटते. बोमे या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाच्या मापकावर समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश दाखवते, मीठ २५ च्या सुमारास पडू लागते आणि ३० च्या आत थांबावे लागते. हे मापक आगरावर येण्यापूर्वी चव, रंग आणि पाण्यावर धरणारी साय यांवरच सारा निर्णय होत असे.

इतक्या कष्टाच्या मालावर सरकारची नजर असणे अपरिहार्यच होते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेल्या पत्रात, पोर्तुगीज अमलातल्या बारदेशाचे स्वस्त मीठ येऊन संगमेश्वराकडच्या मिठाचा व्यापार बुडू नये म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम आहे. राज्यकर्त्याने आपल्या आगरांची एवढी बारकाईने काळजी वाहिल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण पुढे इंग्रजी अमलात जकातीचा रोख पालटला: १८३७ पासून मुंबई इलाख्यातल्या मिठावर कर बसला, आणि १८७८ च्या तहाने तर गोव्यातल्या मिठागरांचा बंदोबस्तही इंग्रजांकडे जाऊन तिथला जुना धंदा खचला. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला आणि वडाळ्याला माणसे लाठ्या खात मिठागरांत शिरली, ती या करामुळे.

आगरावरचे मीठ धुण्याची पद्धत या सगळ्या विद्येचे सार आहे. गोड्या पाण्याने धुतले तर पीकच विरून जाईल, म्हणून ते संपृक्त खारवणीनेच धुतात. त्या पाण्याला आणखी मीठ घेण्याची जागाच नसते, ते मळ नेते आणि दाणा शाबूत ठेवते. वळवाच्या पावसाला मात्र ही मर्यादा नाही. म्हणून ईशान्येला ढग दिसताच बायकामाणसे टोपल्या घेऊन धावतात, दाण्यांच्या राशी बांधावर चढवतात आणि गवताने शाकारून टाकतात. वाफ्यात राहिले ते पहिल्याच सरीत विरघळून उघाडीने पुन्हा खाडीला जाते.