नोटा नसलेला देश

खमेर रूजच्या राजवटीवर लिहिणारे बहुतेक जण कवट्यांपासून सुरुवात करतात. मी नोटांपासून करतो. जुन्या नोटा जमवण्याच्या नादातूनच मी कंबोडियाच्या इतिहासाकडे वळलो, आणि पुढे त्या देशात हिंडतानाही माझे लक्ष आधी लोकांच्या हातातल्या पैशाकडे जाई.

१७ एप्रिल १९७५ रोजी खमेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. निर्वासितांनी फुगलेले ते शहर काही दिवसांत रिकामे करण्यात आले. बाजार बंद झाले, खासगी मालमत्ता गेली, पैसाही रद्द झाला. मध्यवर्ती बँकेची इमारत स्फोटकांनी उडवली गेली. गंमत अशी (गंमत म्हणायला जीभ कचरते), की या राजवटीने स्वतःच्या नोटा छापून घेतल्या होत्या, पण त्या चलनात आणल्याच नाहीत. संग्राहकांकडे त्या आज कोऱ्या करकरीत मिळतात. त्यांनी कोणी कधी भाजी घेतली नाही.

पैसा गेला की शोषण जाईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात मजुरी म्हणजे सामुदायिक भोजनगृहातली पातळ पेज उरली. वाचलेल्यांच्या आठवणींत तांदळाचे माप म्हणून आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा पुन्हा पुन्हा येतो. खिशात चार पैसे असलेला माणूस निदान पळून जाऊन कुठेतरी भात विकत घेऊ शकतो. इथे तीही वाट बंद होती. चार वर्षांच्या आत सुमारे १७ लाख माणसे गेली. कित्येकांना ठार मारण्यात आले, कित्येक उपासमारीने, आजाराने आणि ढोरमेहनतीने मेले.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन्ह घेतले. पुढचे वर्षभर व्यवहार तांदूळ, सोने, व्हिएतनामी डाँग आणि थाई बात यांवर चालले. २० मार्च १९८० रोजी रिएल परत आला, तेव्हा बदलून घ्यायला लोकांकडे जुने काहीच नव्हते. म्हणून सरकारने सुरुवातीला नवा पैसा चक्क वाटला. त्याच वर्षी भारताने या सरकारला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची मात्र पोल पॉटच्याच बाजूकडे राहिली, आणि ती तशी राखण्यात पाश्चात्त्य देशांचा हात होता, हे विसरून चालणार नाही.

डॉलर आला तो १९९२-९३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे २२ हजार माणसांबरोबर. त्यांत भारतीय लष्कराची तुकडीही होती. तो डॉलर आजही मुक्कामाला आहे. मोठी रक्कम डॉलरमध्ये द्यायची आणि डॉलरला साधारण चार हजार या दराने सुटे रिएल परत घ्यायचे, ही तिथली रीत. डॉलरच्या नोटेचा कोपरा जरा फाटका असला तरी दुकानदार ती परत सरकवतात. चिंधी झालेला रिएल निमूट घेतात.

व्हिएतनामच्या सीमेवरून नॉम पेन्हकडे येणारी बस नेआक लुअंगला मेकाँगवरचा मोठा पूल ओलांडते. जपानच्या मदतीने बांधलेला हा पूल ५०० रिएलच्या नोटेवरही आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये याच गावावर अमेरिकी बी-५२ विमानाने चुकून बॉम्ब टाकले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. विमानातल्या दिशादर्शकाला ७०० डॉलर दंड झाला. त्याच काळात धान्यासाठी दिलेले कर्ज अमेरिका अजून मागते आहे. व्याजासह ते ५० कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे आणि कंबोडिया ते फेडायला तयार नाही. माझ्या मते त्याचे बरोबर आहे.

खमेर रूजच्या नेत्यांवरील खटल्यांना ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला आणि तिघे दोषी ठरले. पीडितांना भरपाई फक्त ‘सामूहिक आणि नैतिक’ मिळेल, असा न्यायालयाचा नियम होता. रोख रक्कम कोणालाच मिळणार नव्हती. तुओल स्लेंगच्या तुरुंगात किमान १२,२७२ माणसांचा बळी गेला, असे याच न्यायालयाने नोंदवले. तिथून जिवंत सुटलेले मोजकेच. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ मी गेलो तेव्हा तुरुंगाच्या आवारात, टेबलामागे, आपल्या आठवणींचे पुस्तक विकत बसले होते. किंमत डॉलरमध्ये होती. मी दिलेली नोट त्यांनी उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मग खिशात घातली.