कातळशिल्पे आणि प्राथमिक वर्गातील चित्रकला

चित्रकलेच्या तासाला गुरुजी फळ्यावर दोन डोंगर, मधला सूर्य आणि कौलारू घर काढतात आणि वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच उतरते. यात हाताला वळण लागते, नजरेला लागत नाही. प्राथमिक वर्गाचा पाठ ठरवताना दोन कसोट्या लावाव्यात: मुलाची अवस्था आणि परिसरातले साधन. रत्नागिरी जिल्ह्यात दुसरी कसोटी सड्यावरच, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच, पुरी होते.

१. साधन
सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधामुळे जांभ्यात कोरलेली असंख्य कातळशिल्पे उजेडात आली. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकण-गोव्यातली नऊ स्थळे गेली. त्यांतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. या शिल्पांतला प्राणी बहुधा कडेने दिसतो, त्याला ठळक बाह्यरेषा असते, छायाप्रकाश किंवा खोली नसते. लहान मुलांच्या चित्रांतही हेच दिसते. म्हणून कोरणारे बालबुद्धीचे ठरत नाहीत. ते मुरलेले कारागीर होते. मुलाला मात्र ही भाषा लगेच कळते.

२. अवस्था आणि पाठ
व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये बालचित्रांच्या अवस्था मांडल्या. साधारण सातव्या वर्षापर्यंत मूल आकार शोधते, नवव्यापर्यंत प्रत्येक वस्तूसाठी स्वतःचा ठरावीक आकार वापरते आणि पुढे वस्तू आहे तशी दिसावी म्हणून धडपडते. त्यानुसार पाठ असे:

(अ) पहिली-दुसरी: रेषा. उक्षीच्या हत्तीचे छायाचित्र पाहून ते झाकावे. मग ओलसर लाल मातीत काडीने, हात न उचलता, आवडता प्राणी काढायला लावावा. पुसून पुन्हा काढता येते, त्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही.

(आ) तिसरी-चौथी: आतले-बाहेरचे. कशेळीच्या हत्तीच्या अंगात इतर अनेक प्राणी कोरले आहेत. या वयाची मुलेही भिंतीआडची माणसे बिनदिक्कत दाखवतात. मोठ्या सुरमईची बाह्यरेषा काढून तिच्या पोटात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दिसणारे सारे भरावे.

(इ) पाचवी: प्रमाण. कशेळीचा हत्ती सुमारे 18 बाय 13 मीटरचा आहे. कागदावर 36 बाय 26 चौकटी आखून त्यांत हत्ती बसवावा. मैदानावर दर चौकट 50 सेंटीमीटरची धरून दोरी आणि चुनखडीने तो मूळ आकारात उतरवावा. भूमितीचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

३. रंग
जांभ्याची माती लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी असते. ती पाण्यात ढवळावी, खडे तळाशी बसू द्यावेत, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे आणि खाली राहिलेल्या मऊ गाळात डिंक मिसळावा. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग येतो. ती शिक्षकांनीच घालावी, कारण चुना त्वचेला भाजतो. रातांब्याच्या रसात सोडा टाकला की त्याचा लाल रंग पालटतो. रंग बनवणे हाही पाठच आहे.

४. मूल्यमापन
कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आहेत. तिथली हुबेहूबपणाची अपेक्षा सात वर्षांच्या मुलावर लादू नये. मुलाने स्वतः पाहिलेला एखादा तपशील चित्रात आला का? मागच्या चित्रापेक्षा हे वेगळे झाले का? काय काढले ते त्याला सांगता येते का? एवढे तपासावे.

५. मर्यादा
सहलीत शिल्पांवर चालू देऊ नये आणि मूळ रेषांत खडू किंवा रंग भरू नये. जिथे सहल शक्य नाही तिथे छायाचित्र पुरते.

फळ्यावरचा नमुना उतरवून घेणे शिक्षकाला सोयीचे असते, पण ते चित्रकलेचे शिक्षण नव्हे. वरचे पाठ घ्यायला रंगपेटीही लागत नाही; येत्या सत्रात यातला एक तरी पाठ प्रत्येक शाळेने घेऊन पाहावा.